तिसरं मत

"दोषी," विष्णुपंत म्हणाले.

"दोषी," गंगाधर मास्तरांनीही सांगितलं.

न्यायाधीशांनी तिसऱ्या खुर्चीकडं पाहिलं. तिथं सयाजी सुभेदार बसला होता. खुनाच्या खटल्यात न्यायाधीशाला आपलं मत सांगायला जिल्ह्यातली तीन जाणती माणसं बोलावून बसवत. त्यांना असेसर म्हणत. या खटल्याला एक कापडाचा व्यापारी, एक शाळामास्तर आणि फौजेतून पेन्शनीवर आलेला हा शेतकरी, असे तिघे होते.

पिंजऱ्यात बिराप्पा धनगर उभा होता. जोंधळ्यात मेंढरं शिरली, त्यावरून भांडण झालं आणि बिराप्पानं नाथाजीला तिथंच पिकात कुऱ्हाडीनं तोडलं, असं सरकारचं म्हणणं. पाहणारा एकटाच, नाथाजीचा पुतण्या अर्जुना. ओढ्याच्या पल्याड उभं राहून आपण सगळं बघितलं, असं त्यानं शपथेवर सांगितलं होतं.

सयाजीला ते तेव्हाच खटकलं होतं. खून मार्गशीर्षातला, आणि तेव्हा जोंधळा माणसाच्या डोक्यावर जातो. ओढ्याच्या पल्याडून आतल्या माणसाचं तोंड दिसेल कसं? पण सरकारी वकिलाला ते विचारायचं कारण नव्हतं, आणि बिराप्पाला सरकारनंच दिलेला वकील नवखा, शहरातला. आपण विचारावं का, हे सयाजी दोन दिवस मनात घोळवत राहिला. दुपारच्या सुट्टीत पट्टेवाला म्हणाला, "लय डोस्कं शिणवू नगा, सुभेदार. तुमचं मत सायबावर बांधील नसतंय. ठरवनार त्येच. पाचाची मोटार गाठायची न्हवं?"

सयाजीला बरं वाटलं होतं. साहेब एवढा शिकलेला माणूस. त्याच्या ध्यानात आलंच असेल.

"दोषी," सयाजी म्हणाला.

"कारण?"

"ह्यांनी सांगितलं त्येच."

न्यायाधीशांचा टाक थांबला. त्यांनी चष्म्यावरून सयाजीकडं जरा वेळ पाहिलं. "आणखी काही सांगायचं आहे?"

"न्हाई, साहेब."

टाक पुन्हा चालू झाला.

विष्णुपंत आणि मास्तर त्याच संध्याकाळी घरी गेले. सयाजी राहिला. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावर बसून निकाल ऐकत होता. साहेबांनी इंग्रजीत वाचलं, शिरस्तेदारानं मराठीत सांगितलं. साक्षीदाराविषयी माझ्या मनात काही शंका होती. मात्र शेतीभाती जाणणाऱ्या माणसासह तिन्ही असेसरांनी एकमतानं आरोपीला दोषी ठरवलं आहे. सबब ती शंका मी सोडून देतो. आरोपीला फाशी.

सयाजी उठून उभा राहिला. पट्टेवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. "आता बोलायचं न्हाई, सुभेदार."

तो बसला.

पुढं तो बिराप्पाच्या वकिलाकडं दोनदा जाऊन आला. "एकदा दिलेलं मत मागं घेता येत नाही," वकील म्हणाला. "वरचं कोर्ट तपासेलच की सगळं." वरच्या कोर्टानं तपासलं. खालच्या न्यायाधीशानं साक्षीदार समक्ष पाहिला आहे, असेसरही सहमत आहेत, तेव्हा आम्ही हात घालण्याचं कारण दिसत नाही, असं लिहून आलं. आषाढात बिराप्पाला फाशी दिली.

दिवाळीच्या सुमाराला आटपाडीकडची मेंढरं सयाजीच्या शिवारात उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळीच एक धनगरीण दारात येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं होतं.

"मी साळूबाई. बिराप्पाची."

सयाजी भिंतीला टेकून बसला होता. तो उठला. त्याची बायको, रंगूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आवं सुभेदार, तुमी सायबाच्या बाजूला खुर्चीवर बसला हुता. मी दारातनं बगितलं हुतं. मग पोरगं रडाया लागलं, तवा मला भायेर काढली." तिनं तांब्या घेतला, पण प्यायली नाही. "धनी मला म्हनला, साळे, म्या न्हाई क्येलं. पर बायकूला कोन खरं सांगतंय? पोरं इचारत्यात. तुमी समदं ऐकलंय. तुमी सांगशिला, त्ये मी पोरास्नी सांगीन."

सयाजीनं अंगणाकडं पाहिलं. रंगूबाईकडं पाहिलं. बिराप्पानं केलं की नाही, हे त्यालाही कुठं ठाऊक होतं. जोंधळ्याची उंची तेवढी ठाऊक होती.

"न्हाई क्येलं त्यानं," तो म्हणाला.

साळूबाईनं डोळे मिटले. मग एका दमात सगळं पाणी प्यायली, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"मानसं म्हंत्यात, तिघंबी त्येच्या इरुद बोललं. मी म्हनलं, असं व्हायचं न्हाई. तिघांत एक तरी मानूस असंलच की." ती पुढं आली. "सायबानं ऐकलं न्हाई, त्याला तुमी तरी काय करशिला?"

रंगूबाई नवऱ्याकडं बघत राहिली.

साळूबाई त्याच्या पाया पडायला वाकली. सयाजीला मागं सरकायचं होतं. मागं भिंत होती.