सुनंदाबाईंची ओळ

रावेरच्या केळी पॅकिंगच्या ऑफिसात चेलना नवीन होती. कामावरच्या बायकांना आज गाडी कुठून सुटणार, हा मेसेज रोज सकाळी सात वाजता आपोआप जायचा. तो प्रोग्राम तिच्या आधीच्या जितेंद्रने लिहिलेला. त्यात एक ओळ अशी की सुनंदाबाईंना मात्र मेसेज सहालाच जावा. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘वेगळं काही केलं तर त्या ओळीच्या वर कारण लिहावं, एवढंही याला कळू नये?’ असं म्हणत तिने ती ओळ काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई भलत्याच थांब्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांचा दिवस बुडाला. चेलनाला राहवेना. संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली.

“मेसेज आला नाही का तुम्हाला?”

“आला ना ताई. पण तवर पोरगी शाळेत निघून गेली होती.” सुनंदाबाईंनी आवाज खाली आणला. “माले वाचता येत नाही. तीच वाचून दाखवते. हे फक्त जितेंद्रभाऊले सांगितलं होतं. बाकी कोनाले सांगू नका.”

चेलना तशीच ऑफिसात आली. तिने ती ओळ परत घातली आणि वर कारण लिहायला घेतलं, ‘सुनंदाबाईंना वाचता...’

तिचा हात थांबला. ही फाइल ऑफिसातलं कोणीही उघडू शकत होतं.

तिने ते शब्द पुसले आणि लिहिलं, ‘ही ओळ काढू नये. कारण मला माहीत आहे. चेलना.’