मागल्या तारखेचा अंगठा

जालन्याच्या जिनिंगमधी मुनीमजींनी नियमांची किताब माझ्यापुढं आपटली. उद्या औरंगाबादहून तपासणीचे साहेब येणार, म्हणून तिच्यात आजच नवं पान डकवलं व्हतं. खळ अजून ओलीच व्हती. "काय लिव्हलंय?" मी इचारलं. "चालू मशीनमध्ये हात घालू नये, असा नियम आहे. बाकीच्या बायांनी अंगठे दिले, झुंबरबाई. तुम्हीबी द्या जल्दी." "तारीख कवाची टाकली?" "मागल्या महिन्याची." तळपायाची आग मस्तकाला गेली. कापूस अडकला की चालू मशनीतच हात घालायला हेच वरडायचे. मशीन थांबवली तर अंगावर धावून यायचे. मी फडक्यात बांधलेला उजवा हात पदराखालून काढला अन् ओल्या पानावर ठेवला. "हजेरीवर रोज उजवाच अंगठा घेता न्हवं, मुनीमजी? तो आठ दिवसाखाली तुमच्या मशनीनं खाल्ला. मागल्या तारखेला पाहिजे तर मशनीतून काढा अन् घ्या उठवून!"