सतरावा ठिपका

शाळा सुटली की मी थेट आईच्या कंट्रोल रूममध्ये घुसते. आता तिथे मला कुणी अडवत नाही. भिंतभर पसरलेल्या नकाशावर मेट्रोची प्रत्येक गाडी म्हणजे एक हिरवा ठिपका. आमच्या लाइनवर असे सोळा. त्यांतली नऊ नंबरची गाडी माझा बाबा चालवतो.

आज मी मोजले, तर सतरा भरले.

"आई, एक जास्त आहे गं."

"गणितात काठावर पास होणाऱ्यांनी मला मोजायला शिकवू नये," ती म्हणाली. मग तिने स्वतः मोजले आणि हातातला चहा हळूच खाली ठेवला.

बाबाच्या गाडीमागे, त्याच बोगद्यात, आणखी एक ठिपका सरकत होता. त्याच्यावरही नऊच लिहिलं होतं. अंतर कमी कमी होत होतं.

आईने माइक ओढला. "नऊ नंबर, आहात तिथेच थांबा."

ड्रायव्हरने प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवायची, असा नियमच आहे.

"नऊ नंबर, आहे तिथेच थांबतो," बाबा म्हणाला.

आणि लगेच, त्याच आवाजात, पुन्हा, "नऊ नंबर, आहे तिथेच थांबतो."

दोन्ही ठिपके थांबले. यांतल्या खऱ्या गाडीलाच पुढे सोडता येणार होतं. आईने माझा हात घट्ट धरला.

"घरी लेकीला काय म्हणतोस रे?" तिने विचारलं.

"भोंगा," बाबा हसत म्हणाला.

"भोंगा," मागच्या गाडीतूनही तसंच हसत उत्तर आलं. फक्त तिथे, त्याच्या शेजारून, माझ्या आवाजात कुणीतरी विचारलं, "बाबा, आईजवळ कोण उभं आहे?"