दोघींचा दोरा

"फेफरं घरात कोनले शे, तेवढं आधी सांगा," पारोळ्याचे जीवराम आबा म्हणाले. मुलगी त्यांच्या मुलाला पसंत होती, पण सुपारी त्यांनी हातातच धरून ठेवली होती.

मुलीचा भाऊ वना पानाचं तबक पुढं सारू लागला. ताईबाई त्याची धाकटी बहीण. तिचं एक स्थळ नुसत्या कुजबुजीवर उठून गेलं होतं.

"मनी आंडेरले, ताईले, नही," त्याची आई झुंबरबाई म्हणाली. "लेकरू एकदम निरोगी शे."

"मंग कोनले?"

उंबऱ्याआडून वनाची बायको कमलबाई बोलली, "मले शे, आबा."

जीवराम आबांनी जरा विचार केला. "सूनले शे? मंग ते दुसरा घरनं रगत. तुमनं नही." आणि सुपारी फुटली.

कापडणे गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी विहिरीवर घागर फुटल्याचा आवाज झाला. बाया धावल्या, तर कमलबाईचं लुगडं चिखलानं भरलेलं. "मले फेफरं उनं," तीच म्हणाली. जवळ बसलेली झुंबरबाई इतकी भेदरली होती, की तिच्या तोंडून घटकाभर शब्द फुटला नाही.

झटक्यात जीभ दातांखाली सापडते, म्हणून कमलबाईच्या कनवटीला तेव्हापासून चिंधीची घट्ट गुंडाळी असे. सासू तिला एकटी सोडीना. पाण्याला दोघी मिळून जात. कमलबाई भाकरी करी, तेव्हा झुंबरबाई चुलीपासून दूर, भिंतीशी बसून राही. निजताना दोघींच्या मनगटांना एकच दोरा बांधलेला. एकीचा हात हलला, की दुसरीला जाग.

"आज दावं सोडं का व सासूनी?" पाणवठ्यावर बाया चेष्टा करीत. कमलबाई हसून घागर उचली.

मधूनच झुंबरबाई दोन-दोन दिवस नुसतं ताक पिऊन राही. "सूनकरता उपास धरस," शेजारची भागाबाई कौतुकानं सांगे. "अशी सासू आमले नही भेटनी."

लग्न वैशाखात झालं. लढाईमुळे साखर मिळेना, म्हणून गुळाचंच गोड केलं. ताईबाईची गाडी वेशीबाहेर गेली, तशी झुंबरबाईनं सुनेचे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई गयी तिना घर. आज दोरा नको."

"नही, माय."

"ऐक मनं. चार दिन तुना डोयाले डोया लागना नही. आज निवांत निजी जाय."

कमलबाईनं पहिल्यांदाच सासूचं ऐकलं आणि पडल्या पडल्या झोपली.

सकाळी तिचा सोमवार होता. न्हाऊन तिनं तुळशीला पाणी घातलं, निरांजन लावलं, आणि मग सासूला हाक मारली. झुंबरबाई पालथी निजली होती. तोंड उशीत होतं. अंग केव्हाच गार झालं होतं.

"निजेतच गयी. पुण्यवान बाई," भागाबाई म्हणाली. पण आंघोळीचं पाणी काढताना तिला सुनेचीच काळजी वाटली. "आते तुले फेफरं उनं ते कोन धरी, व माय?"

"आते नही येनार, अक्का," कमलबाई म्हणाली. "माय बठ्ठं दुखनं संगे लई गयी."

बायांकडे पाठ करून तिनं सासूचं तोंड हळूच उघडलं. जिभेच्या कडेला दातांचे जुने वण होते, आणि एक ताजा. त्यावर तिनं तुळशीचं पान ठेवलं.