परीची तार

पडद्यावर परी ढगांतून तरंगत आली तशी आई खुर्चीत सावरून बसली. परी म्हणजे तरुणपणची आईच. तिला उचलून धरणारी पाठीची तार दिसते म्हणून लोक तेव्हा खदाखदा हसले आणि सिनेमा आठवड्यात उतरला. तिच्या पंचाहत्तरीसाठी मी कॉम्प्युटरवर बसून ती तार पुसून काढली होती.

"तार कुठंय रे?"

"काढली! आता तू खरंच उडतेयस."

"अरे, ती तुझ्या बाबांच्या हातात असायची. वर फळीवर उभे राहून ते आधी तारेला हलकासा हिसका द्यायचे, ‘मी आहे’ म्हणून. मग मी डोळे मिटून पाय उचलायचे."

वर्षापूर्वी गेलेल्या बाबांची सिनेमात तेवढीच खूण होती. "जुनी कॉपी लावतो," म्हणत मी उठलो.

"राहू दे." आईचा हात पाठीमागे कमरेशी गेला, पूर्वी आकडा अडकवायचे तिथे. पडद्यावर परी कशाच्याही आधाराशिवाय तरंगत होती.

आईनं डोळे मिटले. "दिसत नाही, पण हिसका बसला बघ," ती पुटपुटली आणि तिनं जमिनीवरचे पाय अलगद उचलले.