मोठा ब्लाइंड थोरल्याचा

सुदेशने डब्यातले दोन चिंचोके मधे ठेवले, धाकट्या भावाने, सर्वेशने, एक ठेवला, आणि मग पत्ते वाटले गेले. पोकरमध्ये एकाने पत्ते बघायच्या आधीच मोठा डाव लावायचा असतो, त्याला बिग ब्लाइंड म्हणतात. तो दोघांत आळीपाळीने फिरायला हवा. पण सुदेशने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं, "मी थोरला. मोठा ब्लाइंड माझाच." सर्वेश तेव्हा हसला होता.

विठ्ठलवाडीच्या डायलिसिस सेंटरमध्ये चार तास काढायचे म्हणजे काहीतरी चाळा हवाच. सर्वेशचा डावा हात दोन सुयांसकट उशीवर पडलेला, तो हलवायची सोय नाही. उजव्या हाताने त्याने पत्त्यांचे कोपरे उचलून बघितले आणि दहा चिंचोके पुढे सरकवले.

सुदेशने आपले पत्ते बघितले, च्यक् केलं आणि ते उलटे टाकून डाव सोडून दिला. "काय भिकार पत्ते येतात रे मला!"

पुढच्या डावातही तेच. त्याच्या पुढच्याही. सर्वेशसमोरचा ढीग वाढत गेला.

"काय काका, आजपण हरताय?" मशीनवरचे आकडे लिहून घेता घेता हेमा सिस्टर म्हणाली.

"नशीब लागतं, सिस्टर!" सुदेश खुशीत म्हणाला. भावासोबत बसायच्या मंगळवारची तो अगदी वाट बघायचा. दीड वर्षापूर्वी त्याची किडनी भावाला जुळली होती. सगळे कागद तयार झाले आणि किडनी द्यायला या साहेबांनीच ऐन वेळी कच खाल्ली. तेव्हापासून त्याला सर्वेशकडून एकही डाव जिंकवत नव्हता.

या वेळी त्याच्या हातात बदामचा राजा आला, आणि किलवरचाही. याहून भारी फक्त एक्क्यांची जोडी. सर्वेशने पंधरा लावले. सुदेशने सुस्कारा सोडला आणि पत्ते उलटे टाकले.

टाकलेले पत्ते कुणी बघायचे नसतात. सर्वेशने हात लांब करून ते सरळ उलटवले. दोन्ही राजांकडे तो जरा वेळ बघत राहिला. मग त्याने स्वतःचे पत्ते शेजारी मांडले. तिर्री आणि सत्ती.

"चार मंगळवार झाले, हातात काही नसताना वाढवतोय मी. म्हटलं, एकदा तरी दादा तेवढेच लावून माझे पत्ते बघेल."

"अरे, मला वाटलं तुझ्याकडे एक्के..."

"गप रे."

सुदेशने मान खाली घातली. "तुला जरा बरं वाटावं म्हणून..."

"बरं वाटावं?" सर्वेशचा आवाज चढला, तशी पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी मान वळवली. तो हळू बोलायला लागला. "घरी बायको पाणी मोजून देते आणि वर विचारते, तहान नाही ना लागली? मी नाही म्हणतो. ऑफिसात सगळे म्हणतात, तब्येत छान दिसतेय. मी हो म्हणतो. एक तू होतास. समोर बसून बोललेलास, भीती वाटते, नाही देणार. त्या दिवशी राग आलेला मला. पण खोटं नव्हतं रे ते."

नकाराची लाज सुदेशच्या अंगवळणी पडली होती. ही नवी होती, आणि त्याला ती सोसवेना.

सर्वेशने एका हाताने आपला सगळा ढीग डब्यात लोटला. खाली सांडलेले चिंचोके सुदेशने वाकून गोळा केले, तेवढंच तोंड लपवायला बरं. वर आला तेव्हा सर्वेश पत्त्यांचा जोड त्याच्यापुढे धरून होता.

"वाट. आणि तो नाही म्हणालेला दादा आहे ना, त्याला बसव खेळायला."