डाव्या हाताचं घर

दार काही केल्या बसेना.

“साहेब, दार त्या घरचं, चौकट ह्या घरची,” सुतार कानामागची पेन्सिल काढत म्हणाला. “सोयरीक जुळायला वेळ लागणारच. मुलीकडच्यांना जरा तासावं लागेल.”

“तासायचं ते वरून. खालचा भाग आहे तसा राहू दे, रंगासकट.”

“अहो, थरावर थर चढलेत रंगाचे! एकदम टकाटक करून देतो.”

“टकाटक नकोय मला. जुनं पाहिजे.”

सुतार हसला. गल्लीत ह्या माणसाचं नाव ‘हौशी’ पडलं होतं, ते काही उगाच नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर हातात रंधा धरला. पुस्तकं वाचून चुना मळायला शिकला, अंगठा ठेचून घेऊन खिळा मारायला शिकला. बायको म्हणायची, “लोक म्हातारपणी देवाला लागतात, आमचे हे भिंतींना लागलेत.”

पण हौस कसली, आई होती ती.

आईला विसर पडत चालला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरली, मग नातवंडांची नावं, मग मुलगाच. शाळेतून आल्यावर “आला गं माझा भोपळ्या!” म्हणून जी त्याला कवटाळायची, ती आता त्याला ‘पाहुणे’ म्हणायची. संध्याकाळ झाली की चपला घालून दाराशी उभी.

“पाहुणे, तेवढं मला घरी सोडा हो. बाबा वाट बघत असतील.”

“कुठलं घर, आई?”

“गल्लीत शिरलं की डाव्या हाताचं. दगडी पायऱ्यांचं.” बाकी सगळं विसरली तरी एवढं पाठ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

आजोळचं घर त्याच्या जन्माआधीच विकलं गेलेलं. त्यानं ती गल्ली शोधून काढली. गल्लीत जुन्या माणसांपैकी कुणी उरलं नव्हतं, पण जुनी घरं दोन उरली होती. समोरासमोर, एकाच गवंड्याच्या हातची, दोन्हींना दगडी पायऱ्या. हमरस्त्यावरून शिरलं की डाव्या हाताचं विकाऊ होतं. उजव्या हाताचंही होतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. त्यानं दोन्ही घेतली. डावं उभं करायचं आणि त्यासाठी उजवं उतरवायचं. नवं लाकूड जुन्या घराला शोभत नाही, आणि इथे तुळया, फरश्या, दारं, सगळं हव्या त्या मापाचं समोर आयतं उभं होतं.

ते पाडलं त्या दिवशी तो भरल्या ताटावरून उठला.

“तेही कुणाचं तरी घरच होतं गं,” तो म्हणाला.

“मग कशाला पाडलंत?” बायकोनं विचारलं.

“आईसाठी.”



तो आईला एकेक गोष्ट विचारायचा आणि तसं करायचा. खिडकीचा रंग कुठला? पोपटी. झाली खिडकी पोपटी. पण सगळंच जुळायचं नाही. आई म्हणायची, सकाळचं ऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचं. इथलं स्वयंपाकघर पश्चिमेला, तिथे ऊन फिरकायचं ते संध्याकाळी. आई म्हणायची, पुढच्या दारावर खिळ्यानं मासा कोरला म्हणून बाबांनी माझा कान पिळला होता. ह्या घराचं पुढचं दार तर वाळवीनं कधीच खाऊन टाकलेलं. म्हणजे मासाही तिच्याच पोटात गेला असणार.

“अहो, आईंची सकाळ-संध्याकाळ एक झालीय,” बायको म्हणायची. “रात्री जेवायला वाढलं की चहा मागतात. मनाला लावून घेऊ नका.”

त्यानं नाही लावून घेतलं. उलट कुणी काम बघायला आलं की घसा खाकरून सुरू व्हायचा, “हा हमरस्ता अलीकडचा बरं का! पूर्वी सगळी ये-जा नदीनं. गल्लीच्या त्या टोकाला धक्का होता, तिथे नाव लागायची.” मास्तर तो, तास घेतल्याशिवाय राहतोय थोडाच!

दार शेवटी बसलं. समोरची मोकळी जागा झाडूनपुसून त्यानं तिथे एक बाक टाकला. आईला निवांत बसून आपलं घर बघता यावं म्हणून.

तिला आणायच्या दिवशी त्याला एकच धास्ती होती. एवढं सगळं करून तिनं विचारलं, “पाहुणे, हे कुणाचं घर?” तर? त्याला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा, फक्त एकदा, हाक मारावी.

गाडी हमरस्त्यावर लावून त्यानं तिला हात धरून आणलं, मागोमाग बायको. ती पोपटी खिडकीकडे बघत राहिली. पायऱ्या चढली.

“आई, ओळखीचं वाटतंय का?”

“छान आहे हो, पाहुणे.”



मग तिचा हात दाराला लागला. बोटं दारावरून खाली खाली सरकत गेली. ती वाकली, वाकता वाकता उंबऱ्यावर बसलीच. जुन्या रंगाखाली काहीतरी चाचपत राहिली आणि नखानं तिनं एक पोपडा उचकटला.

“हा बघा! हा बघा माझा मासा!” ती खुदकन हसली. मान वर करून तिनं त्याच्याकडे बघितलं, नीट बघितलं. “अरे भोपळ्या! तू कधी आलास? आणि केवढा वाळलास रे!”

बायकोला हुंदका आवरेना. “अहो, ओळखलं त्यांनी! ऐकलंत का? ओळखलं!”

तो भिंतीला धरून उभा होता.

“पण आपलं दार ह्या लोकांनी कशाला लावलंय?” आई त्याच्या हाताला धरून उठली. “चल, घरी जाऊ. नावेतून उतरून आलं की डाव्या हाताला, किती वेळा सांगितलं तुला!”

ती पायऱ्या उतरली, गल्ली ओलांडून गेली आणि बाकापाशी थांबली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“भोपळ्या,” ती म्हणाली, “आपलं घर कुठं गेलं रे?”